नेम चुकतो तेव्हा चूक कोणाची?

मुरुड म्हटले की बहुतेकांना जंजिऱ्याशेजारचे, समुद्रकाठचे मुरुड आठवते. ही हकीकत त्या मुरुडची नाही. लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ्या रानातले एक मुरुड आहे. तेथे माझे एक शिक्षकमित्र राहतात. ते विज्ञान शिकवतात आणि शाळेतील एन.सी.सी.चे कामही पाहतात. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांचे थोरले बंधू, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्याकडे परवान्याची .२२ बोअरची रायफल आहे आणि अधूनमधून ते रेंजवर सरावाला जातात. त्या दिवशी त्यांनी रायफलीवर नवी दुर्बीण बसवली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर जायचे होते.

मी सहज म्हणालो, "दुर्बीण घट्ट बसली म्हणजे काम झाले की!"

अण्णा हसले. "घट्ट बसली, पण अजून तिला नळी कुठे बघते ते कुठे माहीत आहे? उद्या असाच गेलो तर पहिली दहा काडतुसे मातीत जातील आणि कागदावर एक भोक दिसायचे नाही."

पुढचा तास-दीड तास आम्ही तिघे अंगणात त्या रायफलीपाशी बसलो होतो. एकही गोळी न झाडता नळी आणि दुर्बीण यांची ओळख करून देण्याचे ते काम होते. या कामात आठवी ते बारावीचे बरेचसे भौतिकशास्त्र आणि थोडे संख्याशास्त्र आहे. शेवटी तर प्रत्येक शिक्षकाने विचार करावा अशीही एक गोष्ट त्यात निघाली. म्हणून हा लेख.

तीन रेषा

रायफलीचा विचार करताना तीन रेषा वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली नळीची रेषा, म्हणजे नळीच्या पोकळीतून काढलेली आणि पुढे वाढवलेली सरळ रेषा. दुसरी दृष्टिरेषा, म्हणजे दुर्बिणीतील उभ्या-आडव्या तारांच्या छेदबिंदूतून डोळा जिकडे पाहतो ती रेषा. तिसरा गोळीचा मार्ग. पहिल्या दोन रेषा सरळ आहेत. तिसरी वक्र आहे.

दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते. दोन्हींच्या मध्यांतील अंतर साधारण ४ सें.मी. असते. समजा, दुर्बीण नळीला अगदी समांतर बसवली. मग दृष्टिरेषा कितीही दूर गेली तरी नळीच्या रेषेच्या ४ सें.मी. वरच राहील. शिवाय गोळी नळीतून सुटल्याच्या क्षणापासून खाली पडू लागते. म्हणजे समांतर दुर्बीण कामाची नाही. नळीचे तोंड दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेले हवे.

किती वर? हे वर्गात काढता येते. .२२ च्या साध्या काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते. हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवू. ५० मीटर जायला ५० ÷ ३३० = ०.१५ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात गोळी ½gt² या सूत्राप्रमाणे सुमारे ११ सें.मी. खाली येईल. हातातून सोडलेला दगड ०.१५ सेकंदात जेवढा पडतो, तेवढीच ही गोळीही पडते. वेगाने जाते म्हणून गुरुत्वाकर्षण तिला सवलत देत नाही. हवेच्या विरोधामुळे वेळ थोडा जास्त लागतो आणि पडणेही थोडे वाढते, पण आपल्या हिशेबाला ११ पुरे.

आता दुर्बिणीची उंची ४ सें.मी. आणि पडणे ११ सें.मी., मिळून १५ सें.मी. याचा अर्थ ५० मीटरवर नळीची रेषा दृष्टिरेषेच्या १५ सें.मी. वर असली पाहिजे, तर सुरुवातीचे ४ भरून निघतील, ११ पडण्यात जातील आणि गोळी तारांच्या छेदबिंदूवर येईल. नळी सुरुवातीलाच ४ सें.मी. खाली असल्यामुळे ५० मीटरच्या प्रवासात तिच्या रेषेला दृष्टिरेषेच्या मानाने एकूण १५ सें.मी. चढ लागतो: ११ सें.मी. वर जाण्यासाठी आणि ४ सें.मी. आधीची तूट भरण्यासाठी. हा चढ ०.१५ ÷ ५० = ०.००३ रेडियन आहे. एका रेडियनमध्ये सुमारे ३४३८ कला असतात, म्हणून हा कोन १० कलांचा झाला. एक अंश म्हणजे ६० कला. तेव्हा सगळा खेळ एका अंशाच्या सहाव्या हिश्शाचा आहे.

येथे एक गैरसमज दूर करून घ्यावा. "गोळी आधी वर जाते आणि मग खाली येते" असे पुष्कळदा ऐकू येते. नळीच्या रेषेच्या मानाने गोळी एक क्षणही वर जात नाही. ती पहिल्यापासून खालीच येते. वर जाते असे दिसते ते दृष्टिरेषेच्या मानाने, कारण नळीच तिरपी धरलेली आहे. ५० मीटरवर जुळवलेल्या या रायफलीची गोळी १० मीटरवर दृष्टिरेषेच्या १.४ सें.मी. खाली असते, सुमारे १८ मीटरवर ती दृष्टिरेषा ओलांडते, ३४ मीटरच्या आसपास १.२ सें.मी. वर असते, ५० मीटरवर पुन्हा दृष्टिरेषेवर येते आणि १०० मीटरवर तब्बल १८.५ सें.मी. खाली गेलेली असते. विद्यार्थ्यांनी हे आकडे स्वतः काढून आलेख-कागदावर मांडावेत. एक अन्वस्त आणि तिला दोन ठिकाणी छेदणारी सरळ रेषा, म्हणजेच वर्गसमीकरणाची दोन मुळे, डोळ्यांसमोर उभी राहतात.

कागदाएवढी चूक

नवी दुर्बीण बसवली की ती लगेच बरोबर का दाखवत नाही? कारण तिला धरणाऱ्या दोन कड्या, नळीवरची खाच आणि दुर्बिणीच्या आतील तारांची चौकट या साऱ्यांच्या घडणीत थोडा थोडा फरक असतो. समजा, दोन कड्यांत १० सें.मी. अंतर आहे आणि एक कडी दुसरीपेक्षा ०.१ मि.मी. उंच आहे. ०.१ मि.मी. म्हणजे वहीच्या एका कागदाची जाडी. या फरकाने दृष्टिरेषा ०.१ ÷ १०० = ०.००१ रेडियनने, म्हणजे जवळजवळ साडेतीन कलांनी वळते. ५० मीटरवर ही चूक ५ सें.मी. होते आणि १०० मीटरवर १० सें.मी. हाताशी कागदाएवढी असलेली चूक टार्गेटपाशी वीतभर होते.

ही चूक दुरुस्त करण्यासाठी दुर्बिणीवर दोन फिरक्या असतात. एक वर-खाली, दुसरी डावी-उजवी. फिरकी फिरवताना 'टिक' असा आवाज होतो. पुष्कळ दुर्बिणींत एका टिकेला पाव कला सरकते. १०० मीटरवर एक कला म्हणजे २.९ सें.मी., म्हणून एक टिक सुमारे ७ मि.मी.ची. ५० मीटरवर ती साडेतीन मि.मी.ची आणि २५ मीटरवर जेमतेम दोन मि.मी.ची होते. कोन तोच, अंतराप्रमाणे लांबी बदलते. समरूप त्रिकोणांचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

अंगणातले काम

अण्णांनी कामाला सुरुवात केली ती काडतुसांचा डबा घरात कुलपात ठेवून. मग बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री त्यांनी स्वतः करून घेतली आणि आम्हा दोघांनाही बघायला लावले. "रिकामी आहे असे वाटणे निराळे आणि बघणे निराळे," ते म्हणाले. नळीचे तोंड सारा वेळ अंगणाच्या भिंतीकडेच होते आणि मध्ये कोणी जाणार नाही हे पाहिलेले होते. ज्याच्याकडे परवाना आणि रीतसर शिक्षण नाही त्याने हे काम वाचून करू नये. आपल्याला त्यातले शास्त्र समजून घ्यायचे आहे.

दुर्बीण रायफलीवर चढवण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन तिकोनी खाचा पाडून त्यांत दुर्बीण आडवी ठेवली, दूरच्या एका खुणेकडे पाहिले आणि दुर्बीण खाचांतच हळूहळू गोल फिरवली. तारांचा छेदबिंदू दुर्बिणीच्या अक्षावर नसेल तर फिरवताना तो त्या खुणेभोवती लहानसे वर्तुळ काढतो. फिरक्या वापरून ते वर्तुळ लहान करत आणले की शेवटी छेदबिंदू एका जागी स्थिर राहतो. आता तारा अक्षावर आल्या आणि दोन्ही बाजूंना फिरक्यांना पुरेशी जागा उरली.

मग दुर्बीण कड्यांत बसवली. डोळा आणि मागचे भिंग यांत आठ-दहा सें.मी. अंतर राहील अशी ती पुढेमागे सरकवली. याहून जवळ असेल तर रायफलीच्या धक्क्याने दुर्बीण भुवईवर आदळते. त्यानंतर समोर ओळंबा टांगला, गवंडी वापरतात तोच, आणि रायफल सरळ धरून दुर्बिणीतील उभी तार ओळंब्याच्या दोरीशी जुळवली. तार तिरपी राहिली तर वर-खालीची फिरकी फिरवताना नेम बाजूलाही सरकतो आणि मग एक चूक दुरुस्त करताना दुसरी होते.

आता मुख्य काम. रायफल वाळूच्या दोन पिशव्यांवर पक्की ठेवली आणि बोल्ट पूर्ण काढून घेतला. .२२ च्या अशा रायफलीत बोल्ट काढला की मागून नळीच्या आरपार दिसते. पंचवीस मीटरवर भिंतीला एक काळा ठिपका काढलेला कागद लावला होता. नळीतून पाहत, पिशव्या दाबून-सरकवून अण्णांनी तो ठिपका नळीच्या गोल प्रकाशाच्या बरोबर मध्ये आणला. मग रायफलीला धक्का न लावता दुर्बिणीतून पाहिले. तारांचा छेदबिंदू ठिपक्याच्या बराच खाली आणि उजवीकडे होता. त्यांनी फिरक्या फिरवून तो ठिपक्यावर आणला. पुन्हा नळीतून पाहिले, ठिपका हललेला नाही ना याची खात्री केली, थोडे सुधारले, पुन्हा पाहिले. तीन-चार वेळा असे केल्यावर नळी आणि दुर्बीण एकाच ठिपक्याकडे पाहू लागल्या.

येथे माझी एक चूक झाली. छेदबिंदू वर न्यायचा म्हणून मी फिरकी 'वर' असे लिहिलेल्या बाणाच्या दिशेने फिरवली, तर तो आणखी खाली गेला. कारण बाण सांगतो तो गोळी कुठे सरकेल ते, तारा कुठे सरकतील ते नव्हे. गोळी वर लागावी असे वाटत असेल तर नळी अधिक वर रोखली गेली पाहिजे. छेदबिंदू चित्रात खाली उतरला की तो पुन्हा लक्ष्यावर आणण्यासाठी आपण रायफल वर उचलतो आणि नळी आपोआप वर रोखली जाते. रेंजवर हे सोयीचे आहे, पण अंगणात तारा जुळवताना फिरकी बाणाच्या उलट फिरवावी लागते. सापेक्ष गती शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

आता जुळवणी झाली म्हणजे नेम बरोबर लागेल का? नाही, आणि का नाही हेही काढता येते. पंचवीस मीटरवर दोन्ही रेषा एका ठिकाणी आणल्या, म्हणजे त्यांतील कोन ४ सें.मी. ÷ २५ मीटर, सुमारे साडेपाच कलांचा झाला. ५० मीटरसाठी लागतो १० कलांहून किंचित अधिक. म्हणून ५० मीटरवर गोळी सुमारे ७ सें.मी. खाली लागायला हवी. पंचवीसवर झाडली तर सुमारे ३ सें.मी. खाली. अण्णा म्हणाले, "एवढ्यासाठीच तर हा खटाटोप. उद्या पहिलीच गोळी कागदावर दिसेल. पुढचे ती गोळीच सांगेल." हल्ली नळीत बसवायचे लेसर मिळतात. ते हेच काम लवकर करतात, पण लेसरचा किरण पडत नाही आणि गोळी पडते. म्हणून अखेरचा निर्णय रेंजवरच होतो.

कोळ्याचा धागा आणि बिदरची पायारेषा

दुर्बिणीत तारा बसवण्याची कल्पना शिकाऱ्याची किंवा सैनिकाची नाही, ती एका खगोल-अभ्यासकाची आहे. इ.स. १६४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम गॅस्कॉइन नावाच्या तरुणाच्या दुर्बिणीत कोळ्याने जाळे विणले. त्याचा एक धागा नेमका भिंगाच्या नाभीपाशी आला होता, त्यामुळे धागा आणि दूरचे दृश्य दोन्ही एकदम स्पष्ट दिसले. धाग्याची प्रतिमा आणि ताऱ्याची प्रतिमा एकाच प्रतलात असल्या तर डोळा हलवला तरी त्या एकमेकींच्या मानाने सरकत नाहीत, हे त्यातून कळले. त्या प्रतलात नसतील तर डोळा सरकला की तारा लक्ष्यावरून सरकतात. याला पराशय म्हणतात आणि नव्या दुर्बिणीत तो आहे का, हे डोके किंचित हलवून तपासावे लागते. गॅस्कॉइन १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला, पण त्याची कल्पना टिकली.

हीच तारांची दुर्बीण थिओडोलाइटवर बसून आपल्या भागातही आली. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातली मोठी चापरेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे नेताना विल्यम लॅम्बटन यांनी १८१५ साली बिदरजवळ पायारेषा मोजली. बिदर म्हणजे उदगीर-देगलूरच्या शेजारचेच. पुढे काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. मोजणीदारांनाही अण्णांसारखीच अडचण असते: दुर्बिणीची दृष्टिरेषा यंत्राच्या अक्षाशी नेमकी जुळलेली नसते. त्यावर त्यांची युक्ती अशी की दुर्बीण उलटी फिरवून तोच कोन दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजायचा. एका बाजूने चूक जेवढी अधिक येते तेवढीच दुसऱ्या बाजूने उणी येते आणि सरासरीत ती नाहीशी होते. खोक्याच्या खाचांत दुर्बीण गोल फिरवण्यामागे हाच विचार आहे. यंत्रावर विश्वास ठेवण्याआधी त्याला फिरवून बघावे.

दुर्बिणीविना

कोणाला वाटेल की ऑलिंपिकमधले नेमबाज अशाच दुर्बिणी वापरत असतील. तसे नाही. तेथील रायफल स्पर्धांत रायफलीवर भिंगाची दुर्बीण लावू देत नाहीत. मागे बारीक छिद्र आणि पुढे एक कडी, एवढ्यावरच नेम धरायचा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, त्या अशाच रायफलीने. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेही अशाच रायफलीने. त्यांचे अंतिम फेरीतील गुण ४५१.४ होते.

५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मि.मी. व्यासाचे असते. ५० मीटरवर एक कला म्हणजे १४.५ मि.मी. म्हणजे हे वर्तुळ पाऊण कलेपेक्षाही लहान आहे. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायला साधारण एक कलेचे अंतर लागते. तेव्हा ज्या वर्तुळात गोळी मारायची ते उघड्या डोळ्याला नीट दिसतच नाही! नेमबाज ते पाहतही नाही. तो सुमारे ११ सें.मी. व्यासाचा काळा गोल पुढच्या कडीच्या मधोमध आणतो. एकात एक असलेली वर्तुळे समकेंद्री आहेत की नाहीत हे ओळखण्यात डोळा फार तरबेज असतो. पण काळ्या गोलाच्या मध्यावर रोखले की गोळी दहाच्या वर्तुळात जावी, यासाठी आधी छिद्र आणि नळी यांची जुळवणी तितकीच सूक्ष्म झालेली असावी लागते. फिरक्या तेथेही असतात आणि टिकाही मोजाव्या लागतात.

पाच भोके काय सांगतात

जुळवणीचा शेवटचा टप्पा रेंजवर. पंचवीस मीटरवरून, रायफल टेकवून, एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या झाडायच्या. मध्ये फिरकीला हात लावायचा नाही. पाच भोकांचा जो पुंजका होतो त्याला एन.सी.सी.त ग्रुपिंग म्हणतात. त्या पुंजक्याचा मध्य काढायचा, तो लक्ष्यापासून किती आणि कोणीकडे आहे ते मोजायचे, त्याच्या टिका करायच्या आणि तेवढीच फिरकी फिरवायची. मग पुन्हा पाच.

एकाच गोळीवरून फिरकी का फिरवू नये? प्रत्येक गोळी थोडी इकडेतिकडे जातेच. श्वास, चापावरचे बोट, काडतुसातील दारूचा किंचित फरक अशी त्याची कारणे असतात. हा विखुरलेपणा अवचित असतो. पाच गोळ्यांच्या मध्यात तो √५ पटीने, म्हणजे निम्म्याहून कमी होतो. उलट प्रत्येक गोळीनंतर तिच्याएवढी फिरकी उलट फिरवत गेलो तर पहिल्या गोळीची अवचित चूक दुसऱ्या गोळीला चिकटते आणि विखुरलेपणा √२ पट, म्हणजे जवळजवळ दीडपट वाढतो. फार दुरुस्त्या करणाराच जास्त बिघडवतो.

हे बोलणे चालू असताना माझे मित्र बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एक जुनी आठवण सांगितली. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांच्या दोन मुलींनी वेगवेगळ्या रायफलींतून पाच-पाच गोळ्या झाडल्या. एकीची भोके सगळ्या कागदभर पसरली होती. त्यांतली दोन मधल्या वर्तुळात पडली आणि तिला गुण मिळाले. दुसरीची पाचही भोके रुपयाच्या नाण्याने जवळजवळ झाकली जातील एवढ्या जागेत होती, पण कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात. तिला शून्य. "मी वहीत लिहिले, नेम नाही," ते म्हणाले. "पुढच्या निवडीला तिचे नाव पाठवले नाही. पोरगी काही बोलली नाही. मीही तिला दुसरी रायफल देऊन बघितले नाही."

आता पाहा. पहिलीच्या बाबतीत चूक अवचित होती. ती हाताची, श्वासाची, सरावाची चूक. दुसरीच्या बाबतीत चूक नियमित होती, दर वेळी तेवढीच आणि त्याच दिशेला. अशी चूक बहुधा यंत्राची असते. नळीवरची माशी किंचित वाकलेली असेल, मागची खाच सरकलेली असेल. फिरकीच्या चार टिकांनी किंवा माशीवरच्या एका हलक्या टोल्याने ती गेली असती. पाच गोळ्या नाण्याएवढ्या जागेत घालणे मात्र कोणत्याही फिरकीने येत नाही. ते त्या मुलीजवळ होते. शास्त्राच्या भाषेत तिच्याजवळ सुसंगती होती, फक्त अचूकता नव्हती, आणि या दोहोंत सुसंगती ही मिळवायला कठीण.

प्रयोगवहीतही हेच घडते. पाच वेळा लंबकाचा काळ मोजून पाचही उत्तरे एकसारखी आणि पुस्तकातल्या उत्तरापेक्षा सारखीच कमी आली, तर मुलाला दटावण्याआधी दोरीची लांबी कुठपासून मोजली ते बघावे. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या कडेपर्यंत मोजलेली असू शकते. उलट उत्तरे विखुरलेली असून सरासरी नशिबाने बरोबर आली, तर शाबासकी देण्याआधी थांबावे. गुण देताना आपण बहुतेकदा मध्यापासूनचे अंतरच बघतो, पुंजका बघत नाही.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

यासाठी बंदूक लागत नाही. एक मीटर लांबीचा अर्धा इंची प्लॅस्टिकचा पाण्याचा पाइप घ्यावा. ही आपली नळी. तिच्या जवळच्या तोंडाला मध्यभागी बारीक छिद्र पाडलेला कागद चिकटवावा आणि दूरच्या तोंडावर दोन दोरे फुलीसारखे ताणून लावावेत. वीस सें.मी. लांबीची एक बारीक नळी अशीच तयार करून ती पाइपाच्या वर, मध्यांत ४ सें.मी. अंतर राहील अशी, दोन ठोकळ्यांवर ठेवावी. ही दुर्बीण.

पाइप बाकावर पुस्तकांनी पक्का करून दहा मीटरवरच्या भिंतीवर तो जेथे रोखला आहे तेथे खूण करावी. आता वरच्या नळीच्या एका टोकाखाली वहीच्या कागदाच्या पट्ट्या सरकवत तिची फुली त्याच खुणेवर आणावी. एका पट्टीने ०.१ ÷ २०० = ०.०००५ रेडियन कोन बदलतो, म्हणून भिंतीवर फुली ५ मि.मी. सरकावी. पाच पट्ट्यांना अडीच सें.मी. प्रत्यक्षात किती सरकते ते मोजून कागदाची जाडीच काढता येईल. नंतर पाच मीटरवर आणि वीस मीटरवर पुठ्ठा धरून पाहावे. पाच मीटरवर दोन्ही रेषांत २ सें.मी. अंतर दिसेल, दहावर काहीच नाही आणि वीसवर ४ सें.मी., पण आता उलट बाजूला. एका अंतरावर जुळलेले सर्व अंतरांवर जुळत नाही, हे मुलांना एकदा डोळ्यांनी दिसले की विसरत नाही.

शाळेत आकाशदर्शनाची दुर्बीण असेल तर तिच्यावरची छोटी शोधक दुर्बीणही याच रीतीने, दिवसाउजेडी दूरच्या एखाद्या विजेच्या खांबावर जुळवून ठेवावी. सूर्याच्या जवळपास मात्र दुर्बीण कधीच रोखू नये. रात्री अंधारात जुळवायला बसले तर मुलांचा अर्धा उत्साह तिथेच संपतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा रेंजवरून आले तेव्हा त्यांच्या खिशात घडी घातलेला कागद होता. पंचवीस मीटरवर पहिला पुंजका लक्ष्याच्या जवळजवळ ३ सें.मी. खाली होता. हिशेबाप्रमाणेच. मित्रांनी तो कागद मागून घेतला आणि शाळेत नेण्यासाठी आपल्या वहीत ठेवला. म्हणाले, "यंदाच्या शिबिरात भोके मोजण्याआधी पुंजका बघणार. आणि ज्याला शून्य मिळेल त्याच्या हातात आधी दुसरी रायफल देणार."

जुन्या मराठीत नेम धरण्याला शिस्त धरणे म्हणत. आपण तो शब्द आता मुलांना लावतो. कधीकधी तो आधी यंत्राला लावून पाहावा.